पाठीमागचे हात

शिकवणाऱ्या बाई आहेत का, असं विचारत एक उंच पोरगी दुकानात शिरली आणि मी कात्रीवरची नजर न काढता म्हटलं, मीच. ती जरा घुटमळली. मग फार सभ्यपणे म्हणाली, "नाही, त्या दुसऱ्या."

दुसऱ्या. या टेबलाच्या या बाजूला मी अठ्ठावन्न वर्षं उभी आहे. माझं पोट टेकतं तिथलं लाकूड झिजून गुळगुळीत झालंय, तिथे हात फिरवला तर आंधळ्यालाही कळेल इथे कोण उभं राहतं ते. कापताना कात्री मध्येच थांबवायची नसते, थांबली की कापडाच्या कडेला दात पडतो, हे मी आजवर शेकडो वेळा ओरडून सांगितलं असेल. त्या दुपारी माझीच कात्री थांबली. राखाडी कोटाची पाठ होती. दात शिलाईत गेला, गिऱ्हाइकाला जन्मात दिसायचा नाही, पण मला ठाऊक आहे तो कुठे आहे. पोरगी बोलतच होती. सून अस्तर आणायला बाजारात गेली होती, तिचा फोन दुरुस्तीला टाकलेला, म्हणून ही स्वतः आली होती. शनिवारचा वर्ग चारला नाही, तीनला आहे, पाचला सभागृह नाटकवाल्यांना द्यायचंय, एवढा निरोप त्यांना द्याल का. वर विचारते, लक्षात राहील ना तुमच्या. ज्या बाईला मेलेल्या गिऱ्हाइकांचीसुद्धा छातीची मापं पाठ आहेत, तिला. मी म्हटलं, राहील. ती गेली. जाताना दारात तिचं डोकं वरच्या कडीला लागलं आणि मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

पहिला तासभर मी खरंच विसरले होते. दुसऱ्या तासाला आठवलं, सून समोर बसून बाही जोडत होती, पण तोंडातून निघालं नाही. रात्रीची भांडी तिनं घासली, मी पुसली, तेव्हाही निघालं नाही. नंतर ते विसरणं राहिलं नव्हतं, हे मला कळत होतं. जिभेखाली सुपारी धरावी तसा तो निरोप मी दोन दिवस धरून ठेवला.

हे सगळं माझ्या नातीचं काम. पायाला चाक लावून जन्मली म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. कॉलेजच्या वसतिगृहात राहते आणि तिथल्या विद्यार्थी संघाची कुणीतरी मोठी आहे. त्यांच्या संघात म्हणे दरवर्षी एकच रडगाणं. नाटकाचे दिवे कसे लावायचे, सभा कशी चालवायची, भांडण झालं तर कसं मिटवायचं, हे ज्यांना येतं ती पोरं शेवटचं वर्ष संपवून निघून जातात, आणि जाताना ते येणंही बरोबर घेऊन जातात. उरलेले पुन्हा पहिल्यापासून चाचपडतात. म्हणून हिनं डोकं चालवलं. ज्यांना येतं त्यांना आधी शिकवायचं कसं ते शिकवायचं. बारा जण निवडले, पदरचा वेळ घालणारे, कुणाला काही मिळायचं नाही. आणि त्या बारांनी सुरुवात अशा गोष्टीनं करायची जी त्यांच्यापैकी एकालाही येत नाही, म्हणजे न येणं काय असतं ते त्यांना अंगात भरल्यासारखं कळेल. अशी गोष्ट कोणती? हातानं काज करणं. बटण ज्यातून जातं ते भोक. आमच्या घरातली विद्या. हे तिनं सुटीत घरी आल्यावर जेवताना सांगितलं तेव्हा माझा घास तोंडाशीच राहिला, मी मनातल्या मनात कपाटातला निळा कोट काढलासुद्धा, घालून जायला. आणि ही म्हणते, आईला नेणार आहे. आई म्हणजे तिची आई, माझी सून.

सुनेनं मान खाली घालून पाणी वाढलं. दुसऱ्या दिवशी भिंगरी एकटी सापडली तेव्हा विचारलं, की बाई गं, तुझ्या आईला काज कुणी शिकवलं? ती माझ्या गळ्यात पडली. लाडानं म्हणाली, "आजी, तू शिकवत नाहीस. तू करून दाखवतेस." गळ्यात पडून मारलेलं जास्त लागतं, कारण हात उगारायलाही जागा नसते.

मग कागद आले. संघानं छापलेले, प्रशिक्षकांसाठीचे. भिंगरी ते मशीनवर विसरून गेली आणि मी चष्मा पुसून एकेक अक्षर जोडत वाचायला बसले. तिसरीपर्यंतच शाळा झाली माझी, ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात निसटते. पण पहिला नियम दोनच शब्दांचा होता. हात मागे. खाली बारीक अक्षरात: शिकणाऱ्याच्या हातातलं काम आपल्या हातात घ्यायचं नाही, कितीही चुकलं तरी. मी ते तीनदा वाचलं. हा मला मारलेला टोमणा होता, दुसरं काय. या घरात हातातलं काम कोण ओढून घेतं ते शेजारच्या चांभारालाही माहीत आहे. दे इकडे, हे माझे शब्द. लग्न होऊन आलेल्या मुलीला मी नावानं कमी आणि दे इकडे म्हणून जास्त हाक मारली असेल. आणि आता ते छापून बारा पोरांना वाटलं होतं, असं वागायचं नाही म्हणून.

पण दे इकडे हे माझंही नव्हतं. ते मास्तरांचं. माझा नवरा, सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे, मीसुद्धा. मी पंधरा वर्षांची या दुकानात आले तेव्हा ते मला कच्चा दोरा घालायला द्यायचे, चार टाके होत नाहीत तोवर कापड खेचून घ्यायचे. दे इकडे. आवाज चढवायचे नाहीत, तेच वाईट. त्यांचे हात असे होते की कापड त्यांच्याकडे आपण होऊन जायचं. मी पाहत बसायची आणि त्यांच्या बोटांचा मला राग यायचा, खरा राग, दुसऱ्या बाईचा यावा तसा. दुपारी जेवून ते मागच्या खोलीत तासभर झोपत. त्या तासात मी टांगलेल्या तयार कोटाचं एक काज उसवायची. एकच. टाका टाका मोकळा करत जायचं, म्हणजे तो कसा घातला ते उलट्या बाजूनं कळतं. मग त्याच भोकातून तेच परत घालायचं, त्यांची चप्पल वाजायच्या आत. पहिल्या दिवशी हातांना इतका घाम सुटला की सुईच गंजेल असं वाटलं. दीड महिन्यानं एका दुपारी त्यांनी कोट उचलला, काजांवरून अंगठा फिरवला, पाचांवरून, आणि टांगून ठेवला. त्यातलं तिसरं माझं होतं. त्या दिवशी मी शिकले. कुणी शिकवलं नाही, मी चोरलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, तेव्हा अंधारात बडबडताना एकदा सुनेला सांगून बसले. ती हो नाही काहीच म्हणाली नाही. मला वाटलं तिला झोप लागली असेल.

सून आली तेव्हा बावीसची होती. मला आई म्हणायला लागली, मी म्हटलं तुझी आई आहे तिकडे, मला सासूबाई म्हण, ते ती आजपर्यंत म्हणते. तिच्या तळव्यांना घाम यायचा. फिक्या कापडाला हात लावला की डाग. एका लग्नाच्या कोटाच्या अस्तरावर तिची चार बोटं उमटली, मी ती धुतली, इस्त्री केली, आणि तिला म्हटलं, आता बघायचं, शिवायचं नाही. माझ्या मागे उभं राहायचं, हात पाठीमागे. आठ महिने ती माझ्या मशीनच्या मागे तशी उभी राहिली. सकाळचं काम उरकून यायची आणि उभी राहायची. मला मानेवर तिचा श्वास लागायचा. मी मागे वळून पाहत नव्हते, कशाला पाहू, भिंतीकडे कुणी पाहतं का. मग एक दिवस मला ताप भरला, कोट द्यायचा होता, आणि संध्याकाळी उठून पाहते तर सगळी काजं तयार. माझ्यासारखी. नाही, माझ्यासारखी नव्हती, आणि हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे. माझी काजं दोन-तीन वर्षांनी टोकाला सैल पडतात. तिची पडत नाहीत. गिऱ्हाइकं जुने कोट घेऊन येतात, अस्तर बदला, कोपर सांधा, तेव्हा मी आधी काज पाहते, आणि घट्ट असलं की समजते की हे तिचं. पोटात दुखतं. इतकी वर्षं दुखतंय. देवानं काही लोकांना घामेजलेले हात देऊन वर असलं काही दिलं, का दिलं, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

आता तिला संघवाल्यांनी वर्षभर मागितलं होतं, दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी. दुकान माझं, सोडायचं की नाही माझ्या हातात. भिंगरीला मी म्हटलं होतं, हा पहिला शनिवार होऊ दे, मग सांगते. त्या आठवड्यात सून काम करताना गुणगुणत होती. तीस वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. सूर बरा होता. तेही खुपलं.

शनिवारी दोन वाजता मी तिला विजारींचा गठ्ठा दिला, म्हटलं हे संपव, मग जा चारला. मी जरा बँकेत जाऊन येते. निळा कोट घातला. बँकेत जायला निळा कोट, तिनं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. कॉलेज तीन चौक लांब आहे. रस्ताभर मी स्वतःशी भांडत गेले. मी म्हणत होते, मी फक्त बघायला जाते, आणि म्हणत होते, बघूच कोण शिकवतं ते. सभागृहात शिरले तेव्हा ती बारा पोरं खुर्च्यांचा गोल करून बसली होती आणि भिंगरी घड्याळ पाहत होती. मला पाहून तिचा चेहरा आधी फुलला, मग विचारात पडला. आई कुठे? मी म्हटलं, कामात आहे, मी आले. खोटं नव्हतं त्यात काही.

त्या तासाचं काय सांगू. मी इतकी छान कधी बोलले नव्हते. काज म्हणजे कोटाचं तोंड, मी म्हटलं, तोंड वाकडं तर माणूस वाकडा. पोरं हसली. प्रत्येकाला कापडाचा तुकडा, सुई, दोरा. मग मी गोलातून फिरायला लागले. पहिल्याच पोरीनं सुई उलटी धरली होती, अशी की माझ्या दातांत कळ गेली. दे इकडे. चार टाके घालून दाखवले, मग म्हटलं आता चार घातलेच आहेत तर. पुढच्यानं भोकच तिरकं कापलं होतं. दे इकडे. ती उंच पोरगी दोऱ्याला गाठ मारायला विसरली होती. दे इकडे. हात चालायला लागले की मला पुढचं दिसत नाही, कापड येतं आणि जातं, एवढंच. कुणीतरी जांभई दिली ती ऐकली मी, पण हात ऐकेनात. शेवटचा दोरा तोडला तेव्हा पावणेचार झाले होते. टेबलावर बारा काजं ओळीनं ठेवलेली, एकाला नाव ठेवायला जागा नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जादूगाराला वाजवतात तशा. भिंगरीनं एकेक तुकडा उचलून पाहिला, आणि फार हळू, पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "सुरेख आहेत आजी. पण ही बाराच्या बारा तुझी आहेत."

मी खुर्ची ओढली आणि गोलाबाहेर, फळ्याच्या बाजूला जाऊन बसले. पिशवी मांडीवर घेतली. पायात पेटके आले होते. चारला पाच कमी असताना सून आली, हातात पुठ्ठ्याची डबी, केस विंचरून बसवलेले, आणि दारातच थबकली, कारण वर्ग संपत आल्यासारखा दिसत होता. उंच पोरगी उठली. म्हणाली, काकू, तीनला होता ना, मी निरोप ठेवला होता दुकानात. सगळे वळले. भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीच्या बंदाकडे पाहत राहिले, बंदाची शिवण एका ठिकाणी सुटली होती. मला वाटलं, आता म्हणेल. म्हणू दे. तीस वर्षं वाट पाहिली असेल तिनं या घटकेची, बारा माणसांसमोर आयती आली आहे. मी जबाब तयार ठेवला होता, चांगला धारदार.

सून म्हणाली, "सासूबाईंनी सांगितलं होतं. माझ्याच लक्षातून गेलं."

तोंडात मारली असती तर बरं. माझा गुन्हासुद्धा तिनं माझ्याकडे राहू दिला नाही, तोही उचलून आपल्या अंगावर घेतला, आणि किती सहज, दोरा उचलावा तसा. तयार ठेवलेला जबाब वाया गेला.

मग ती टेबलाशी गेली. बारा काजं पाहिली. उचलली नाहीत, वाकून पाहिली. पोरांना विचारलं, काय काय पाहिलंत, सांगा. कुणालाच सांगता येईना. एकजण म्हणाला, आजींचा हात फार भरभर जातो, दिसतच नाही. ती सरळ झाली आणि माझ्याकडे वळली. तिच्या कपाळावर घाम होता, तळव्यांनाही असणार.

"सासूबाई, ही यांना उसवायला देऊ का?"

पोरांना वाटलं असेल, सून सासूचा अपमान करते आहे. भिंगरीनं तर आई म्हणून हाक मारायला तोंडही उघडलं. पण सून माझ्याकडे पाहत होती आणि मला कळलं, ऑपरेशनच्या वेळी तिला झोप लागली नव्हती. मला मागच्या खोलीत पालथी पडलेली मास्तरांची चप्पल दिसली. टांगलेला कोट दिसला, त्यातलं तिसरं काज. त्या वेळी कुणी मला विचारून उसवू दिलं असतं तर माझ्या हातांना कमी घाम सुटला असता का, कोण जाणे.

मी म्हटलं, "उसवा. टोकाकडून सुरू करा, मधून नाही."

ती गोलाच्या तोंडाशी उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून, आणि हात मागे घेतले. एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं. पोरं वाकली आणि माझे टाके एकेक करून तुटायला लागले, बारीक टक टक असा आवाज, जवळून ऐकणाऱ्यालाच ऐकू येतो. कुणीतरी म्हणालं, अरे, दोरा सुईच्या भोवती जातोय, आधी खालून. ती म्हणाली, हो का, मग परत घालून बघ. कुणी चुकलं, तुकडा तिच्यापुढे धरला, तिनं घेतला नाही. मी माझी नखं पिशवीत रोवली. त्या पोरीचा तुकडा इथून दिसत होता, चूक उघडी पडली होती, एक हात पुढे केला की झालं. सुनेचे हात मागेच.

आणि तेव्हा मी ते पाहिलं. मी ज्या बाजूला बसले होते तिथून फक्त मलाच दिसत होतं. पोरांना तिचा चेहरा दिसत होता, शांत. मागे तिच्या मोकळ्या हाताची बोटं चालली होती. सुई नाही, कापड नाही, पण अंगठा आणि तर्जनी मिटत होती, वळत होती, ओढत होती. समोरची पोरगी खालून टाका घालायची तेव्हा इथे बोट खालून जायचं. पोरगी थांबली की बोट थांबायचं. काज. ती पाठीमागे काज करत होती. नव्यानं शिकलेलं नव्हतं ते, त्यात विचारच नव्हता, चालताना हात हलावेत तसं चाललं होतं. आठ महिने. माझ्या मानेवर तिचा श्वास, आणि माझ्या पाठीमागे हे. मी एकदाही वळले नव्हते. आणि छापलेल्या कागदावरचा तो पहिला नियम, जो मला टोचला होता, तो माझ्याबद्दल नव्हताच बहुतेक. तो या हातांबद्दल होता, आईनंच लेकीला सांगितला असणार. त्यातही मी नव्हते, याचंही मला वाईट वाटलं. असा स्वभाव.

पोरगी टोकाशी आली, जिथे काज वळतं. माझी बोटं पिशवीवर आपोआप तयार झाली, इथे तीन टाके पंख्यासारखे, मग वळण. सुनेच्या बोटांनी दोनच घेतले. मग अंगठा मागे गेला, उलट्या बाजूनं, दोऱ्याला स्वतःच्याच खालून काढल्यासारखा, आणि हलकेच दाबला. मग वळण. हा वळसा माझा नव्हता. मास्तरांचाही नव्हता. तो तिला कुणी दाखवला नव्हता, उभ्या उभ्या, रिकाम्या हातात, माझ्या मागे तिनं स्वतः शोधला होता. म्हणजे हेच ते. वीस-वीस वर्षं जुन्या कोटांतलं न सुटणारं टोक. अंगठा आधी मागे गेला की आधी खाली? मी खुर्चीतून पुढे झुकले. पुढचं टोक येईपर्यंत थांबावं लागणार होतं, पोरगी हळू होती, फार हळू, आणि मी त्या पोरीवर मनातल्या मनात ओरडत होते, चल गं बाई, आटप. बुधवारी हिला पाठवायला हवं, मला वाटलं. आणि मलाही काहीतरी निमित्त काढून यायला हवं, डबा, किल्ली, काहीही. हे एका शनिवारात येणारं काम नाही.

पुढचं टोक आलं. मी दोन्ही हात पिशवीखाली घेतले. दोन टाके, मग माझा अंगठा मागे. चुकला. पुन्हा. पुढे कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिचं तर नव्हतंच, ती पाठमोरी होती.